दोन पिस्तुलं आणि एक कुंपारे

"एकच बारीकसं काम राहिलंय, पारे," गोर्यो म्हणाला आणि देन्सियोनं आपल्या पिस्तुलाकडे काळजीनं पाहिलं.

हे बारीकसं काम गेल्या जत्रेपासून राहिलं होतं. गेल्या जत्रेत, सांता मोनिका गावच्या नेमबाजीच्या सामन्यात, देन्सियो दिमायुगा शेवटून दुसरा आला होता. शेवटचा आला तो दातांचा डॉक्टर इलागान, आणि त्याला बार काढताना डोळे मिटायची सवय होती. सामना संपल्यावर भाजलेल्या डुकराचं ताट मांडीवर घेऊन बसलेला देन्सियो सहज बोलून गेला, "चाप जरा जड आहे रे माझ्या पिस्तुलाचा." बस्स, एवढंच. शेजारी बसलेल्या गोर्योनं कुरकुरीत कातडीचा तुकडा तोंडात टाकला, बोटं पँटला पुसली आणि म्हणाला, "आण उद्या. दहा मिनिटांचं काम."

पिस्तूल तसं बरं होतं. सामन्यासाठी म्हणून कारखान्यातच तयार झालेलं, बेकरीवाल्या देन्सियोच्या खिशाला झेपणारं. पण कारखान्यातलं पिस्तूल सगळ्यांच्याच हाताला थोडं थोडं बसतं आणि कुणाच्याच हाताला पुरतं बसत नाही, असं गोर्योचं मत होतं. हे मत तो इतक्या मायेनं सांगे, की ऐकणाऱ्याला आपला हात जगावेगळा वाटू लागे.

गोर्यो मारासिगान हा गावचा बंदूकमिस्त्री. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीवर परवाना टांगून तो बसे. आणि तो देन्सियोचा कुंपारे होता. देन्सियोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर घेऊन उभा राहिलेला धर्मबाप; त्या दिवसापासून दोघं एकमेकांना 'पारे' म्हणत. कुंपारेला कामाचे पैसे देऊ करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. म्हणून गोर्यो पैसे घेत नसे आणि देन्सियो पावाच्या पिशव्या पाठवत असे. अडचण एवढीच, की फुकटच्या कामाची घाई करता येत नाही आणि ते बिघडलं असं म्हणताही येत नाही.

त्यात गोर्योला जन्मात कुणाला 'नाही' म्हणता आलं नव्हतं. त्यामुळे तो निम्म्या गावातल्या पोरांचा धर्मबाप झाला होता आणि निम्मं गाव आपापली पिस्तुलं त्याच्या शेडमध्ये आणून टाकत होतं. त्याच्या अंगणात कोंबड्या, वांगी आणि सुकट यांची रेलचेल असे. रोख पैसा मात्र त्या अंगणाची वाट विसरला होता.

दहा मिनिटांच्या कामानं चाप हलका झाला. त्याच्याबरोबर आतला खटकाही मवाळ झाला आणि काडतुसं उडायला खळखळ करू लागली. गोर्योनं स्प्रिंग बदलली. मग रिकाम्या पुंगळ्या बाहेर पडायच्या सोडून आतच बसून राहू लागल्या. त्यासाठी आणखी काहीतरी बदललं, ते नळीशी जुळेना, म्हणून नळी बदलली. नवी नळी बोटभर लांब निघाली, त्यामुळे पिस्तूल कमरेच्या खोळीत शिरेना, म्हणून खोळ बदलली. एवढं झाल्यावर गोर्योच्या लक्षात आलं, की या पिस्तुलावर जुनी माशी शोभत नाही. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो उंचवटा, ज्यावरून नेम धरतात. नवी माशी पहिल्याच सरावात उडाली आणि कातिगबाक बाईंच्या टोपीत जाऊन बसली.

कातिगबाक बाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि सामन्याच्या मुख्य पंच. त्यांनी टोपीतली माशी चिमटीत धरून देन्सियोच्या तळहातावर ठेवली.

"दिमायुगा, सहावीत असतानासुद्धा तुझी वस्तू दुसऱ्याच्या दप्तरात सापडायची."

"हो बाई."

"मारासिगानकडे दिलं होतंस ना दुरुस्तीला?"

"तो आणखी सुधारतोय बाई," देन्सियो म्हणाला.

घरी चारिंग पीठ मळत होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं असेल ते ओळखलं.

"अरे, किती दिवस चालायचं हे? सरळ मनिलाच्या त्या दुकानातून एक घडवून घे की. हाताच्या मापाचं. एकदाच काय ते पैसे जातील आणि सुटशील."

"गोर्योला काय वाटेल?"

"काय वाटायचंय?"

"त्याला वाटेल, याचा माझ्या कामावर भरवसा नाही."

"आहे का?"

देन्सियो भट्टीत लाकडं सारायला गेला. खरं उत्तर द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. वादळात बेकरीचं छप्पर उडालं, तेव्हा हाच गोर्यो स्वतःच्या स्वयंपाकघरावरचे पत्रे उचकटून घेऊन आला होता, आणि त्याची बायको पुढचे कितीतरी दिवस छत्री धरून भात शिजवत होती. अशा माणसाला दुखवायचं म्हणजे काय? पिस्तूल दुसरं मिळेल, सामना पुढच्या वर्षीही येईल. गोर्यो दुसरा कुठून आणायचा? देन्सियोचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि त्याच्या हातच्या कामाची धास्ती होती.

शेवटी चारिंगचं म्हणणं त्यानं निम्मं ऐकलं. पिस्तूल घडवून घ्यायचं, पण गोर्योला पत्ता लागू द्यायचा नाही. मनिलाच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, "मातीचा गोळा मुठीत घट्ट आवळा आणि वाळवून पाठवा. त्यावरून मूठ घडवू." आता भर गावात देन्सियो माती खणायला निघाला असता, तर दहा जणांनी विचारलं असतं, की बाबा, भट्टी सोडून कुंभारकी कधीपासून? म्हणून त्यानं कणकेचा गोळा घेतला, डोळे मिटून पिस्तूल धरल्यासारखा आवळला आणि भट्टीत दगडासारखा कडक भाजला. त्याचा अंगठा पीठ मळायच्या यंत्रात सापडून वाकडा झाला होता. तो वाकडेपणासुद्धा पावात साफ उतरला. पाव कापडात बांधून त्यानं मनिलाच्या बसमध्ये चढवला.

यानंतर गोर्यो विचित्र वागू लागला.

आधी त्यानं शेडचं दार लावून काम करायला सुरुवात केली. "दुसरं एक काम अंगावर आलंय, पारे. तुझं जरा मागं पडेल," असं तो दाराच्या फटीतून म्हणाला. मग रविवारी चर्चमध्ये 'हे आमच्या बापा'च्या वेळी, सगळे हात धरतात तेव्हा, तो आपल्या बायकोला सोडून तीन बाकं ओलांडून आला आणि देन्सियोचा उजवा हात धरून उभा राहिला. प्रार्थना संपली. लोकांनी हात सोडले. गोर्यो मात्र डोळे मिटून देन्सियोचा अंगठा चाचपत राहिला.

"काय रे, पारे?" देन्सियोनं हळूच विचारलं.

"काही नाही. आमेन," गोर्यो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात कॉफी पिता पिता त्याला अचानक हस्तरेखा कळू लागल्या. "बघू तुझा हात," म्हणून त्यानं देन्सियोचा पंजा ओढला, आणि रेषा सोडून बोटांमधली अंतरं न्याहाळू लागला. "भविष्य चांगलं आहे. हाताला घाम फार येतो पण," असा निष्कर्ष त्यानं काढला. एकदा तर भर बाजारात त्यानं देन्सियोच्या हातात एक पिकलेली पपई दिली, "धर घट्ट, आणखी घट्ट," म्हणाला, आणि दबलेली पपई परत घेऊन लगबगीनं घरी गेला. विकणारीचे पैसे देन्सियोलाच द्यावे लागले.

"चारिंग, गोर्योला काहीतरी मोठा आजार झालाय," देन्सियो रडवेला होऊन म्हणाला. "निरोप घेतल्यासारखा हात धरतो गं माझा."

"की त्याला कळलंय मनिलाचं?"

हे ऐकून देन्सियोचं धाबं दणाणलं. गोर्यो मरायला टेकला असला तर आपण मरणाऱ्या मित्राला फसवतोय, आणि त्याला कळलं असलं तर तो मुकाट्यानं क्षमा करतोय. दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं, ते त्याला ठरवता येईना. त्यानं पावाच्या पिशव्या दुप्पट केल्या.

जत्रेच्या आठवड्यात मनिलाहून पेटी आली. देन्सियोनं ती पिठाच्या कोठीत नेऊन, दाराला कडी घालून उघडली. पिस्तूल हातात घेतलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. वाकड्या अंगठ्यासाठी वाकडी जागा होती. करंगळीला टेकायला कड होती. इतक्या वर्षांत कुठल्याच वस्तूनं त्याच्या हाताची अशी विचारपूस केली नव्हती.

"झालं ना मनासारखं?" चारिंग म्हणाली. "मिटलं आता."

"मिटलं कसं? गोर्योसमोर हे बाहेर काढायचं कसं?"

"म्हणजे इतके पैसे घालून ते कोठीत ठेवायचं? उंदीर मारायला?"

सामन्याच्या दिवशी सकाळीच गोर्यो दारात हजर. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं जुनं पिस्तूल. "झालं एकदाचं," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. "बघ, पारे, तुझ्याजवळ दुसरं काही असलं... म्हणजे कुणाचं उसनं वगैरे... तर ते वापर हो. मला काही वाटणार नाही."

देन्सियोचे डोळे भरून आले. त्याची खात्रीच पटली, की हा माणूस आपली परीक्षा बघतोय. त्यानं टॉवेल छातीशी धरला.

"दुसरं? माझ्या कुंपारेनं वर्षभर राबून सुधारलेलं असताना मी दुसऱ्याला हात लावीन?"

गोर्योचा चेहरा पडला. देन्सियोला वाटलं, त्याला गहिवरून आलं.

मैदानावर सगळं गाव लोटलं होतं. बँड वाजत होता, उसाचा रस खपत होता. देन्सियोनं जुनं पिस्तूल तपासणीच्या टेबलावर ठेवून नाव घातलं. नवं पिस्तूल त्याच्या पिशवीत तळाशी होतं. चारिंगनं ते गुपचूप टाकलं होतं आणि वर पावांचा थर दिला होता. नियम साधा होता. ज्या पिस्तुलानं सुरुवात, त्याच पिस्तुलानं शेवट. ते मोडलं आणि जागेवर दुरुस्त होण्यासारखं नसलं, तरच पंच दुसरं घेऊ देत.

घंटा वाजली. देन्सियो पहिल्या आडोशाकडे धावला आणि बार काढला. लोखंडी पाटी धाडकन पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या बाराला माशी उडाली. तिसऱ्याला मुठीवरची एक बाजू निसटून गवतात पडली. चौथ्याला चाप मागे गेला तो परत आलाच नाही.

"थांब!" कातिगबाक बाई ओरडल्या. पिस्तूल रिकामं करून टेबलावर नेलं, तेव्हा आतून एक स्प्रिंग टुणकन उडून बँडवाल्याच्या ढोलावर आपटली.

"मारासिगानला बोलवा," बाई म्हणाल्या.

गोर्यो आला. पिस्तुलाकडे त्यानं नुसतं पाहिलं.

"बाई, माझा कुंपारे दोन मिनिटांत नीट करील!" देन्सियो छाती काढून म्हणाला. गावासमोर मित्राची अब्रू राखायची, मग सामना गेला तरी चालेल, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं.

"होणार नाही," गोर्यो पुटपुटला.

"होईल! याच्या हातात जादू आहे बाई!"

"अरे, होणार नाही म्हणतोय ना!"

"विनयशील आहे, बाई. लहानपणापासून असाच आहे."

गोर्योनं देन्सियोची कॉलर धरली आणि त्याला रसाच्या गाडीमागे ओढत नेलं. देन्सियोनं त्याला एवढं तापलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"गाढवा, ते दुसरं काढ!"

"कुठलं दुसरं?"

"पावांखालचं! चारिंगला टाकताना पाहिलं मी! चार महिने दार लावून घासलंय मी ते! एकदा तरी चालताना बघू देशील की नाही?"

"तू?" देन्सियो ओरडला.

"ते मनिलाचं दुकान काय स्वतः घडवतं होय?" गोर्यो दातओठ खात कुजबुजला. "निम्मी कामं माझ्याकडेच पाठवतात. तुमचं नाव सांगत नाहीत, माझं तुम्हाला सांगत नाहीत. पण माप म्हणून पेटीतून पाव निघाला, पारे! पाव! वाकड्या अंगठ्याचा! एवढ्या मोठ्या बतांगास प्रांतात माप भाजून पाठवणारा दुसरा मूर्ख कोण आहे?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू लपवत होतास. मी बोललो असतो तर तुला लाजेनं मान वर करता आली असती का?"

"म्हणजे चर्चमध्ये तू माझा हात..."

"निम्मा पाव कोंबड्यांनी खाल्ला. मग माप कशावरून घेऊ?"

"आणि पपई?"

"पपईनं करंगळीचं कळलं."

देन्सियोला हसू आणि रडू एकदमच आलं. इतके महिने ज्याचं मन मोडू नये म्हणून तो झोप घालवत होता, तो माणूस शेडमध्ये बसून त्याच्याच करंगळीची काळजी वाहत होता. आणि त्याच कामापायी जुन्या पिस्तुलाचे सगळे स्क्रू शेवटी घाईघाईनं आवळले गेले होते.

"चल," गोर्यो म्हणाला. "आणि आता मी बोलेन, तू गप्प बस."

टेबलापाशी गाव गोळा झालं होतं. बाईंनी चष्मा वर केला. "मारासिगान, हे दुरुस्त होईल की नाही? लांबण नको."

गोर्योनं घाम पुसला. निम्म्या गावाचा धर्मबाप, कुणाचंही काम कधी न नाकारलेला मिस्त्री, आपल्या हातच्या कामाकडे बघत उभा होता.

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही. फार वाईट काम केलंय कुणीतरी."

"तूच केलंयस ना?"

"मीच केलंय."

गर्दीत कुजबुज झाली. डॉक्टर इलागाननं आपलं पिस्तूल हळूच पाठीआड सरकवलं, कारण ते पुढच्या सोमवारी गोर्योकडे जायचं होतं. बाईंनी दुसऱ्या पिस्तुलाची परवानगी दिली. देन्सियोनं पाव बाजूला सारले आणि ते बाहेर काढलं.

तो त्या दिवशी पहिला आला, असं सांगायला आवडलं असतं. पण देन्सियो देन्सियोच होता. एका पाटीसमोर तो उगीचच वाकला आणि दोन कागदी माणसं त्याला दिसलीच नाहीत. तरीही पाट्या एकामागून एक पडत गेल्या, पिस्तूल एकदाही अडलं नाही, आणि गोर्यो दोरीपलीकडे उभा राहून प्रत्येक बाराला ओठ हलवत होता. देन्सियो बरोब्बर मधोमध आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या खाली इतकी माणसं होती.

"कुणी घडवलं हे?" सगळे विचारू लागले. देन्सियोनं तोंड उघडलं, तर गोर्योनं मागून मान हलवली. दुकानाची अट होती. नाव फुटलं तर काम बंद.

"मनिलाच्या दुकानानं," देन्सियो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला फार वाईट वाटलं. मित्राची कारागिरी त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर चालली होती. गोर्यो मात्र बँडसमोर नाचत होता. लोक म्हणाले, बिचारा अपमान विसरायला बघतोय.

जत्रा आटोपली आणि बेकरीत गिऱ्हाइकांची चाल बदलली. आधी डॉक्टर इलागान आला. त्यानं गोड पाव घेतले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "त्या मनिलाच्या दुकानाचा नंबर दे ना. आणि गोर्योला कळू देऊ नकोस हं. माझ्या धाकट्याचा धर्मबाप आहे तो."

मग कोंबड्यांच्या झुंजी लावणारा आला, त्याच्या मागून बँडवाला. सगळ्यांचे आवाज खाली, सगळ्यांची पोरं गोर्योनं हातावर घेतलेली, आणि सगळ्यांना त्याचं मन सांभाळायचं होतं. गोर्योच्या शेडमधली फुकटची पिस्तुलं एकेक करून परत गेली. लोक रस्त्यात त्याला टाळू लागले, आणि टाळलं म्हणून जास्तच सुकट पाठवू लागले.

एका सकाळी खुद्द कातिगबाक बाई आल्या. पावाचे पैसे त्यांनी काउंटरवर ठेवले आणि दरवाजाकडे पाठ केली.

"दिमायुगा, तो नंबर."

"तुम्हीसुद्धा, बाई?"

"मला मारासिगानबद्दल आदर आहे. माझ्या नातवाचा तो धर्मबाप आहे. म्हणूनच सांगते, त्याच्या कानावर गेलं तर त्याचं काळीज फाटेल. शपथ घे."

देन्सियोनं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून शपथ घेतली आणि नंबर दिला. बाई समाधानानं गेल्या. रस्ता मोकळा झाल्यावर देन्सियोनं मान न वळवता विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं," पिठाच्या पोत्यांमागून, कॉफीत पाव बुडवता बुडवता गोर्यो म्हणाला. "बाईंचा हात लहान आहे, सोपं जाईल. पण इलागानचा माझ्या लक्षात येत नाही, पारे. पुढच्या रविवारी तू जरा डाव्या बाकावर बस. मला त्याच्याशेजारी प्रार्थना करायचीय."